हाताचे ऑपरेशन झालेली पत्नी घरी आल्यावर : पहिल्या सहा आठवड्यांत पतीने काय करावे?

हाताचे ऑपरेशन तास-दोन तासांत उरकते. दवाखान्यात दोन-तीन दिवस जातात. खरी परीक्षा सुरू होते ती रुग्ण घरी आल्यावर. डॉक्टर एक कागद हातात देतात, त्यावर गोळ्यांची नावे आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. पण वुजू कसा करायचा, केस कोण विंचरणार, कुकर कोण उतरवणार, रात्री हात कुठे ठेवायचा, हे त्या कागदावर नसते. हे सगळे घरच्यांनाच निभवावे लागते. आणि रुग्ण जर घरातली बाई असेल, तर तिची काळजी घेणारे कोण, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही अवघड आहे.

आपल्या घरांत सर्वांत जास्त दिसणारा प्रकार मनगटाच्या फ्रॅक्चरचा. ओल्या बाथरूममध्ये, वुजूच्या जागी किंवा जिन्यावर पाय घसरतो, माणूस स्वतःला सावरायला हात पुढे टेकतो आणि सगळे वजन मनगटावर येते. पाळी बंद झाल्यावर बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागतात, म्हणून पन्नाशीनंतर हे फ्रॅक्चर जास्त दिसते. हाड जागेवरून सरकले असेल तर प्लेट आणि स्क्रू बसवण्याचे ऑपरेशन करतात. पुढची माहिती मुख्यतः या ऑपरेशनबद्दल आहे. कोपर, दंड किंवा खांद्याच्या ऑपरेशनलाही यातले बरेच लागू पडते, पण तिथे हालचालीचे नियम वेगळे असतात. म्हणून आपल्या डॉक्टरांचे म्हणणे शेवटचे.

एक गोष्ट लक्षात ठेवा : वजन नको, हालचाल हवी

प्लेट हाड जोडत नाही. ती तुटलेले तुकडे जागेवर धरून ठेवते, जोडण्याचे काम शरीर करते. मनगटाच्या हाडाला त्यासाठी साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. कोपर आणि मनगटाच्या मधले हाड तुटले असेल तर तीन महिने किंवा अधिकही लागू शकतात. तोवर हातावर येणारा सगळा भार प्लेट आणि स्क्रूवर पडतो. भार जास्त झाला तर स्क्रू ढिले होतात, हाड सरकते, आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

दुसरीकडे बोटांचे सांधे फार लवकर आखडतात. दुखते म्हणून हात निपचित पडू दिला तर सूज उतरत नाही आणि हाड जुळूनही मूठ वळत नाही. एक्स-रे चांगला आणि हात निकामी, असे होऊ शकते.

घरी नेमके उलटे घडते. बाई दुखते म्हणून बोटे हलवत नाही, आणि काम पडले आहे म्हणून त्याच हाताने पातेले उचलते. काळजी घेणाऱ्याने हे फिरवायचे आहे. बोटे हलवायला लावायची आणि पातेले स्वतः उचलायचे.

दवाखाना सोडण्याआधी काय विचाराल?

डिस्चार्जच्या गडबडीत प्रश्न विसरतात. आधीच कागदावर लिहून न्या.

- हात गळ्यातल्या झोळीत किती वेळ ठेवायचा? रात्री काढायचा का?
- कोणत्या बोटांची, सांध्यांची हालचाल आजपासून करायची आणि कोणती अजिबात करायची नाही?
- ड्रेसिंग कधी बदलायचे, टाके कधी काढायचे? साधारण १० ते १४ दिवसांत काढतात.
- बीपी, शुगर किंवा रक्त पातळ करण्याच्या जुन्या गोळ्या कशा चालू ठेवायच्या?
- रात्री-बेरात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि प्लेट-स्क्रूचे स्टिकर एका पिशवीत जपून ठेवा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर हातात धातू आहे हे सांगावे लागते आणि तेव्हा हे कागद कामी येतात.

अंगठी आणि बांगड्या त्या हातात पुन्हा घालू नका. काही घरांत मोकळा हात अशुभ मानतात, सासूबाई निदान एक तरी बांगडी घाला म्हणतात. पण सुजलेल्या बोटात अंगठी रुतली की रक्त अडते आणि मग ती कापूनच काढावी लागते. मनगटावर किंवा दंडावर दोरा-तावीज बांधण्याचेही तेच. शिफासाठी दुआ जरूर करा, पण सुजलेल्या हाताभोवती घट्ट काहीही बांधू नका.

पहिले तीन दिवस : हात उंच ठेवा

बऱ्याचदा हे ऑपरेशन फक्त हात बधिर करून करतात. इंजेक्शनचा असर १२ ते २४ तास राहू शकतो. तोवर हात लाकडासारखा जड लागतो, चटका बसला तरी कळत नाही. गरम चहा, शेगडी, शेकण्याची पिशवी त्या हातापासून लांब ठेवा. असर उतरला की दुखणे एकदम उसळते आणि ते नेमके मध्यरात्री होते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दुखण्याची वाट न बघता वेळेवर द्या.

सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते. ती उतरवण्याचा सोपा उपाय म्हणजे हात छातीपेक्षा उंच ठेवणे. कोपर उशीवर, मनगट त्याहून वर आणि बोटे सर्वांत वर. झोपताना पाठीवर झोपावे, बाजूला दोन उशा रचून त्यावर हात ठेवावा. ऑपरेशन झालेल्या कुशीवर झोपू देऊ नका. गादी जमिनीवर असेल तर उठताना माणूस नकळत त्याच हातावर भार देतो. शक्य असेल तर सहा आठवडे पलंगाची सोय करा.

गळ्यातली झोळी चालताना, बाहेर जाताना कामाची आहे. दिवसभर त्यातच हात अडकवून ठेवला तर बोटे खाली लोंबतात, सूज वाढते आणि खांदा-कोपर दोन्ही आखडतात. घरात बसल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने हात बाहेर काढून उशीवर ठेवा.

बोटांचा व्यायाम : तसबीह इथे उपयोगी पडते

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पहिल्या दिवसापासून, जागेपणी दर तासाला दहा-दहा वेळा :

१. सगळी बोटे पूर्ण सरळ करणे.
२. हळूहळू मूठ वळणे, जमेल तेवढी.
३. अंगठ्याचे टोक एकेका बोटाच्या टोकाला लावणे.
४. कोपर वाकवणे आणि सरळ करणे.
५. खांदा वर उचलणे, तक्बीरला हात उचलतो तसा.

हे लक्षात राहत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. मोबाईलला तासाचा अलार्म लावा. शिवाय नमाजनंतर आपण बोटांच्या पेरांवर तसबीह मोजतो, त्यात अंगठा प्रत्येक बोटापर्यंत जातोच. उजव्या हाताचे ऑपरेशन झाले असेल तर तसबीह मण्यांवर न मोजता त्याच बोटांवर मोजायला सांगा. जिक्रही होतो आणि तिसरा व्यायामही होतो. मात्र मूठ वळण्याचा व्यायाम वेगळा करावाच लागतो.

थोडे दुखेल, ताण बसेल, ते चालते. व्यायामानंतर बराच वेळ ठणकत राहिले तर जोर कमी करा, पण बंद करू नका. पतीने किंवा मुलांनी तिची बोटे आपल्या हाताने ओढून वाकवू नयेत. हालचाल तिने स्वतःच्या ताकदीने करायची आहे.

ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका

दिवसातून तीन-चार वेळा बोटांकडे नीट पाहा. नख दाबले की पांढरे पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. दुसऱ्या हाताशी ताडून पाहा. नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर रंग कळत नाही, अशा वेळी बोटाच्या टोकाची कातडी दाबून पाहा.

लगेच दवाखाना गाठण्याची कारणे :

- गोळी घेऊन, हात उंच ठेवूनही दुखणे वाढतच चालले आहे, बोट सरळ केले की कळ सहन होत नाही, हात फुगून दगडासारखा घट्ट झाला आहे.
- बोटे निळी, पांढरीफटक किंवा थंड पडली आहेत.
- बधिरपणाच्या इंजेक्शनचा असर जाऊनही बोटांना मुंग्या आहेत, संवेदना नाही किंवा बोटे हलतच नाहीत.
- छातीत दुखते, दम लागतो, पायाची पोटरी एकाएकी सुजली आहे.

पहिल्या लक्षणात हाताच्या आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडत असू शकतो. अशा वेळी काही तासांतच कायमचे नुकसान होते. “ऑपरेशन झालंय, दुखणारच” असे म्हणून रात्र काढू नका. दुखणे सांगणारी बाई नाजूक आहे असे समजण्याचीही ही वेळ नाही.

ताप, जखमेभोवती वाढणारी लाली, पू, दुर्गंधी, ड्रेसिंग रक्ताने भिजणे किंवा प्लास्टर भिजून मऊ होणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. काही आठवड्यांनी हाताची आग होऊ लागली, कातडी चमकू लागली, नुसता कपडा लागला तरी सहन होईना, किंवा अंगठा अचानक वर उचलेनासा झाला, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

गोळ्या : वेळ, जेवण आणि रोजा

गोळ्यांचा कागद फ्रिजवर चिकटवा आणि दिलेल्या गोळीवर खूण करा. दोघांनी दोनदा गोळी दिली, असे भरल्या घरात सहज होते. पॅरासिटामॉल अनेक गोळ्यांत वेगवेगळ्या नावाने असते. सगळे मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजन कमी असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर मर्यादा त्याहून कमी. सूज-दुखीच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी देऊ नका, आणि किडनी, बीपी, हृदय किंवा अल्सरचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या घरात आणू नका. जास्त ताकदीच्या गोळ्यांनी चक्कर आणि बद्धकोष्ठ होतो. रात्री बाथरूमला जाताना तिच्यासोबत उठा.

मधुमेह असेल तर शुगर ताब्यात ठेवणे हे जखमेचे अर्धे औषध आहे. वाढलेल्या शुगरमध्ये जखम लवकर भरत नाही आणि पू होण्याचा धोका वाढतो.

रमजानमध्ये ऑपरेशन झाले तर गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारप्रमाणे मनाने बदलू नका. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत दीनने दिली आहे. अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात कमीपणा नाही.

आंघोळ, कपडे आणि तहारत

प्लास्टर किंवा ड्रेसिंग भिजू देऊ नका. आंघोळीपूर्वी हाताला मोठी प्लास्टिकची पिशवी घालून वरचे टोक चिकटपट्टीने बंद करा, घट्ट दोरीने नको. तिला स्टुलावर बसवा, हात बाजूला उंच धरू द्या आणि पाणी तुम्ही घाला. पिशवी असली तरी हात बादलीत बुडवायचा नाही. प्लास्टरच्या आत खाज सुटली तर सुई, पट्टी, पेन्सिल आत घालू नका. आतली कातडी सोलली जाते आणि तिथे पू होतो.

कपडे घालताना आधी दुखरा हात बाहीत, मग चांगला. काढताना आधी चांगला हात बाहेर, दुखरा शेवटी. एवढे लक्षात ठेवले की रोजची रडारड थांबते. सैल बाह्यांचा, पुढून उघडणारा कुर्ता किंवा गाऊन बरा. सलवारला नाडीऐवजी इलॅस्टिक टाकून घ्या. आतले कपडे पुढून हूक असलेले किंवा सैल निवडा. ओढणीला पिन लावणे एका हाताने होत नाही, त्यापेक्षा डोक्यातून घालायचा शिवलेला खिमार सोयीचा. बुरख्याच्या बाह्या अरुंद असतील तर एक शिवण उसवून घ्या.

केस विंचरणे, वेणी घालणे, नखे कापणे या लहान गोष्टी वाटतात, पण बाईला सर्वांत जास्त खटकते ते आपण अस्ताव्यस्त दिसणे. वेणी जमत नसेल तर साधा रबर बांधायला शिका.

तहारतीचा विषय लोक टाळतात आणि रुग्णाचे हाल होतात. डाव्या हाताचे ऑपरेशन झाले असेल तर मजबुरीत उजव्या हाताने इस्तिंजा करायला हरकत नाही. संडासात पाण्याचा जेट बसवून घ्या, बरेच काम सोपे होते. तरीही मदत लागली तर ती करायला पतीइतके योग्य माणूस नाही, कारण पती-पत्नीमध्ये पडदा नसतो. मोठी मुलगी, सून किंवा बहीण यांच्यापुढे जी लाज वाटते ती तुमच्यापुढे वाटू नये, अशा पद्धतीने आणि चेष्टा न करता मदत करा.

उजवा हात प्लास्टरमध्ये असेल तर जेवण डाव्या हाताने होणार. ही मजबुरी आहे, त्यावर कुणी टोकले तर तुम्हीच उत्तर द्या. चमचा द्या, भाकरीचे तुकडे करून द्या, पण तिला जमत असताना घास भरवू नका.

वुजू आणि नमाज

प्लास्टरखाली पाणी पोहोचवायचे नाही, यावर उलमांमध्ये वाद नाही. हाताचा जो भाग उघडा आणि निरोगी आहे तो धुवायचा, आणि प्लास्टर किंवा पट्टीवरून ओला हात फिरवून मसह करायचा. मोज्यांवरच्या मसहला मुदत असते तशी याला नाही, पट्टी आहे तोवर मसह चालतो. पुढचा तपशील मसलकाप्रमाणे बदलतो. घाटावरची बहुतेक घरे हनफी आहेत, त्यांना मसह पुरेसा आहे. कोकणातली बहुतेक घरे शाफई आहेत. त्यांच्याकडे मसहसोबत तयम्मुमही करावा लागतो, आणि पट्टी हातावर असेल तर नमाज नंतर दोहरवण्याचा मसलाही येतो. आपल्या मौलानांना प्लास्टर नेमके कुठपर्यंत आहे ते सांगून विचारा. गुस्लचा मसलाही त्याच वेळी विचारून घ्या.

वुजूला मदत करण्यात संकोच नको. हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हातावर वुजूचे पाणी ओतल्याची रिवायत बुखारीत आहे. तुम्ही तांब्याने पाणी ओता, तिला एका हाताने धुऊ द्या. खाली रबरी चटई टाका. वुजूच्या जागी पुन्हा पाय घसरला तर सगळेच वाया जाईल.

नमाजमध्ये धोका आहे तो सजद्याचा आणि जमिनीवरून उठण्याचा. सजद्यात तळहात जमिनीवर टेकला की शरीराचा भार वाकलेल्या मनगटातून जातो, आणि पहिल्या आठवड्यांत नेमका हाच भार नको असतो. चांगला हात टेकून सजदा होत असेल तर तसा करावा, दुखरा हात नुसता सोबत ठेवावा. तोल जात असेल, किंवा उठताना त्याच हाताचा आधार घ्यावा लागत असेल, तर खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढावी. दीनने आजाऱ्याला जमेल तेवढेच सांगितले आहे. तळहात टेकण्याची परवानगी कधी, हे पुढच्या तपासणीत सर्जनना मुद्दाम विचारा. आपण विचारल्याशिवाय ते त्यांच्या ध्यानात येईलच असे नाही.

स्वयंपाकघर : “तू आराम कर” म्हणणे पुरेसे नाही

“तू आराम कर, काही करू नकोस” हे प्रत्येक घरात बोलले जाते. मग दुपारी एक वाजतो, कुणी काही केलेले नसते आणि ती ओट्यापाशी उभी राहते. आराम शब्दांनी मिळत नाही. तिच्या हातातले काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेले तरच मिळतो.

सहा आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तोवर, ही कामे त्या हाताने अजिबात नाहीत : कुकर उघडणे आणि उतरवणे, पाण्याची बादली-कळशी उचलणे, कपडे पिळणे, पीठ मळणे, चपाती लाटणे, भाकरी थापणे, नारळ खवणे, घट्ट झाकण फिरवणे, लहान मूल उचलणे. यांतल्या बऱ्याच कामांत मनगट पिळले जाते, आणि पिळणे हे वजनाइतकेच वाईट. याउलट चमचा धरणे, बटण लावणे, मोबाईल हाताळणे, कागद उचलणे यांसारखी हलकी कामे डॉक्टरांच्या परवानगीने लवकर सुरू करता येतात, आणि त्यांनी फायदाच होतो.

पहिल्याच दिवशी बसून कामांची वाटणी करा. नाश्ता कोण, डबे कोण, धुणे कोण, बाजार कोण. चपात्या बचत गटाकडून किंवा पोळी-भाजी केंद्रातून आणता येतील, बेकरीचा पाव आहेच. खिचडी, डाळ-भात, अंड्याचा रस्सा एवढे तर कुणालाही जमते. परवडत असेल तर सहा आठवड्यांपुरती कामवाली लावा. दुसऱ्या ऑपरेशनच्या खर्चापुढे हा खर्च लहान आहे.

एक चूक टाळा. आईचा हात मोडला म्हणून सगळे ओझे मुलीवर पडते. तिची दहावी-बारावी असते, भाऊ मात्र क्रिकेट खेळून येऊन ताट मागतो. मुलग्यांनाही कामे नेमून द्या आणि त्यांना दिसेल असे तुम्ही स्वतः काम करा.

ज्यांना हे पुरुषाला शोभत नाही असे वाटते, त्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. प्रेषित (स.) घरी काय करत, असे हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा ते घरच्यांच्या कामात असत आणि वेळ झाली की नमाजला जात, असे त्यांनी सांगितले. दुसरी गोष्ट बद्रची. हिजरी २ मध्ये बद्रच्या लढाईला निघताना प्रेषितांनी (स.) हजरत उस्मान (रजि.) यांना मदीनेत थांबायला सांगितले, कारण त्यांच्या पत्नी, प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या. त्या आजारातून त्या उठल्या नाहीत. पण बद्रमध्ये हजर असणाऱ्यांइतकाच सवाब आणि वाटा हजरत उस्मान (रजि.) यांना दिला गेला. आजारी पत्नीजवळ थांबणे हे काम त्या दिवशीही लहान मानले गेले नव्हते.

इयादतीला येणारे पाहुणे

आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे. पण बायका इयादतीला येतात, दोन तास बसतात आणि आजारी बाईच चहाचे बघते. पहिला आठवडा फोनवर “असर ते मगरिब या, थोडाच वेळ बसा” असे नम्रपणे सांगा. चहा तुम्ही किंवा मुलांनी करावा. “काही मदत लागली तर सांगा” म्हणणाऱ्याला खरोखर काम सांगा : मंगळवारी एक वेळचा डबा, शुक्रवारी मुलांना शाळेतून आणणे. लोकांना मदत करायची असते, काय करावे ते कळत नसते.

खाणे आणि मिश्री

हाड भरायला प्रथिने आणि कॅल्शियम लागते. अंडी, मासे, कोंबडी, मटण, डाळी, दूध-दही यांतले काही ना काही रोज दोन वेळा पोटात जावे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून भाकरी किंवा आंबील चांगली. पाया सूपवर आपल्याकडे फार भरवसा आहे. ते गरमागरम प्यायला हरकत नाही, पण त्यातून कॅल्शियम फार मिळत नाही आणि चरबी भरपूर असते. पाया दिला म्हणून दूध-अंडी बंद करू नका. पाणी आणि भाजी-फळे वाढवा, म्हणजे गोळ्यांनी होणारा बद्धकोष्ठ आटोक्यात राहतो. कॅल्शियम किंवा व्हिटॅमिन डीच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच, सांगितल्या तेवढ्याच.

तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो. आपल्या अनेक घरांत आजी, आई, काकू सकाळी मिश्री लावतात आणि ती तंबाखूच आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. निदान हाड जुळेपर्यंत ती बंद ठेवायला लावा. आणि तुम्ही स्वतः सिगारेट ओढत असाल तर तिच्या खोलीत नको.

टाके निघाल्यावर : फिजिओथेरपी, मालिशवाला नाही

टाके निघाले की घरच्यांना वाटते, झाले. याच वेळी कुणीतरी हाडवैद्याचा पत्ता देतो. प्लेट बसवलेल्या हाताला ओढणे, चोळणे, पिळून बांधणे यांनी हाड सरकू शकते. तिथे नेऊ नका. जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर हलक्या बोटाने तेल लावणे वेगळे, तेही विचारून.

फिजिओथेरपीसाठी दोन-चार वेळा तरी जा, व्यायाम नीट शिकून घ्या आणि घरी रोज करा. क्लिनिकमधल्या अर्ध्या तासापेक्षा घरातले दिवसभराचे थोडे-थोडे व्यायामच हात मोकळा करतात. ताकद परत यायला कित्येक महिने लागतात. सहाव्या आठवड्यात चपाती लाटताना दुखले म्हणून ऑपरेशन फसले असे नाही. स्कूटर चालवणे डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको.

तिचे मन आणि तुमचा थकवा

जिने वीस वर्षे घर चालवले तिला पाणी मागून प्यावे लागते, तेव्हा ती चिडते, रडते, “माझ्यामुळे सगळ्यांना त्रास” म्हणते. तिला सबरचे लेक्चर देऊ नका. बसा, ऐका. हिशेब, मुलांचा अभ्यास, काय शिजवायचे हे ठरवणे, अशी डोक्याची कामे तिच्याकडेच राहू द्या. तिचा फक्त हात आजारी आहे, घर अजून तिचे आहे. तुमच्या हातची भाजी खारट झाली तर ती बोलेल, हसून घ्या.

तुम्हीही थकाल. नोकरी, दवाखाना, स्वयंपाक आणि रात्रीची अर्धी झोप महिनाभर चालत नाही. आठवड्यातून एक-दोन रात्री बहिणीला, आईला किंवा मोठ्या मुलाला जबाबदारी द्या.

आणि रुग्ण पती असेल तर? वरचे जवळजवळ सगळे तसेच लागू आहे. फरक एवढाच की त्याची सेवा पत्नी करणार हे गृहीत धरले जाते आणि तिचे बाकीचे काम तसेच राहते. म्हणून पतीने एका हाताने जमेल ते स्वतः करावे, व्यायामासाठी तिला पाठीमागे लागायला लावू नये आणि दुखण्याचा राग तिच्यावर काढू नये. रोजंदारीवर किंवा रिक्षावर घर चालत असेल तर सहा-आठ आठवड्यांच्या मिळकतीची सोय भावकीने आणि जमातने मिळून बघावी. लवकर कामावर जाण्याच्या घाईत हाड सरकले तर मिळकत आणखी महिनोन्महिने बंद पडते.

पुन्हा पडू नये म्हणून

पन्नाशीच्या पुढे साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर हाडांची घनता तपासायची का, हे डॉक्टरांना विचारा. मनगट हा पहिला इशारा असतो. पुढे तीच हाडे खुब्यात किंवा मणक्यात मोडू शकतात. बाथरूममध्ये आणि वुजूच्या जागी खरखरीत फरशी किंवा रबरी चटई, भिंतीला एक दांडी, रात्री पेटता राहणारा छोटा दिवा, घसरणाऱ्या चपला बाहेर, एवढे या सहा आठवड्यांतच करून टाका. नंतर राहून जाते.

आज रात्री घरी बसून तीन कागद लिहा : गोळ्यांचा, व्यायामाचा आणि घरकामाच्या वाटणीचा. तिसऱ्या कागदावर सर्वांत वर आपले स्वतःचे नाव घाला. बाकी शिफा देणारा अल्लाह आहे.